मी नसलो तर

आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंगचं सॉफ्टवेअर मी बनवलंय, माहितीये ना? परवा तिथल्या शेठजींनी विचारलं, “हे धा वर्षं चालन का?”

“चालन ना. बिघडलं त मी आहो.”

“अन् तूच नाई राह्यला त?”

मी हसलो. ते हसले नाहीत. माझ्या मोटारसायकलची चावी उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. “आता यष्टीनं येजो.” मग माझ्यासमोरच माझ्या बायकोला फोन लावला. “सूनबाई, याले बीपी-गीपी त नाई ना?”

घरी येऊन सॉफ्टवेअरचं सगळं लिहून ठेवायला बसलो. काट्यावरचं वजन सरळ पावतीत न टाकता मी मधल्या एका फाईलमधून का फिरवलं होतं? तासभर आठवलंच नाही.

शेठजी मी मेल्यावरचं विचारत होते. मला जिवंतपणीच सांगता येईना.