म्हशीला दिलेला धीर

कुणाला सांगणार नसाल तर आमच्या आबांची गंमत सांगते. 'रिअशुअरिंगली' म्हणजे 'धीर वाटेल अशा रीतीने', असं सांगून सरांनी त्याचं वाक्य करून आणायला लावलं होतं. पण धीर वाटावा म्हणून माणूस नेमकं करतो काय, हेच मला कळेना.

आई तेव्हा शिवथरला माहेरी गेली होती. एरवी धार तीच काढायची, त्यामुळे संध्याकाळी म्हैस आबांना जवळ येऊ देईना. शेवटी आबांनी आईचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बारीक आवाजात म्हणाले, "हाय गो, मीच हाय."

म्हशीनं पान्हा सोडला. आबा माझ्याकडे वळले. "शाळेत बोलशील तर बघ!"

दुसऱ्या दिवशी मी वाक्य वाचलं, माझे वडील म्हशीशी रिअशुअरिंगली बोलले. सगळा वर्ग हसला.

"म्हशीला धीर वाटला, हे कशावरून?" सरांनी विचारलं.

"तिनं दूध दिलं, सर."

सरांनी वाक्य फळ्यावर लिहिलं. ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. आबा दारातच उभे होते.

"त्यात लुगडं नाय ना आलं?"

"नाय हो आबा," मी म्हणाले, अगदी रिअशुअरिंगली.