हलको चाप

मी मूळचो तोंडवळीचो, नाव विश्राम, समुद्राच्या काठारच वाढलंय. बापूस रापणीचो. रापण म्हणजे ता मोठा जाळा, दोन बाजूंनी माणसा दोरी धरून वाळूर वढतत ता. मी पण त्याच दोरीक लागलंय. एका वर्साक म्हावरा असा पडला की जाळा वढता वढेना, दोरी हातातसून सुटली नि माझ्या उजव्या हाताच्या पयल्या बोटाक, अंगठ्याशेजारच्या, वेढो बसलो. बोट तुटूक नाय, पण सरळ झाला ता सरळच रवला, वाकाचाच नाय. ह्या बघा, हात लावन बघा. दोरी वढूक मूठ वळूक व्हयी, माझी मूठ वळाना. मगे रापणीवाले म्हणाले, विश्राम, तू आता टोपल्यो उचल. उचलल्यय. दोन वर्सा बायकांवांगडा टोपल्यो उचलल्यय मी, काय सांगू तुमका.

लगीन तेच्याआधीच झालेला. सुला माझी बायल, मसुऱ्याची. हसाक लागली की चार घरा पलीकडे ऐकाक येय. तिका खोकलो लागलो. आमका वाटला सर्दी, काढो दिलो, अंगारो लावलो, मगे एक दिवस पदराक रगत दिसला. मालवणचो डॉक्टर म्हणालो, छाती खराब झाली, सुयो व्हयेत, दीड वर्स, एक दिवस चुकवन चलाचा नाय. खंयसून आणतलंय मी दीड वर्स सुयो? तेवढ्यात कोणी सांगल्यान, शिरोड्याच्या पलीकडे लोखंडाची खाण आसा, थय नोकरी गावली तर घरच्या माणसांक डॉक्टर फुकट. मी तिका घेवन गेलंय. सुरुंगाच्या दारूची कोठी होती, तिच्यार राखणदार व्हये होते. मी हात पाठीमागे बांधून उभो रवलंय, शिपाई उभे रवतत तसो, बोट दिसाक नुको म्हणान. सायबाक वाटला माणूस शिस्तीचो. ठेवल्यान.

आमी चौघे राखणदार. तेतूर भिकू माझो दोस्त, आजगावचो. डबो माझ्यावांगडा खाय, सुलाक सूय टोचूची आसली की माझी पाळी आपण करी, माका म्हणा, जा रे, वयनीक घेवन जा, मी आसंय हय. उपकार बोलान दाखवचो नाय कधी.

तेवा गोव्यात पोर्तुगीज, हद्द चालत जावच्या अंतरार. एक दिवस कोठीचा कुलूप फोडलेला दिसला, दारूची एक पेटी नाय. सायब घाबारलो. म्हणालो, राखणदारांक पिस्तुला देवची, रत्नागिरीसून परवानो आणूचो, नि खंयची घेवची ता सुभेदार ठरवतीत. सुभेदार म्हणजे आमचे मुख्य, सावंतवाडीचे, पलटणीतसून निवृत्त झालेले. बेळगावचो एक बंदूकवालो तीन नमुने घेवन इलो. चौघांक एकाच जातीचा घेवचा होता, गोळी एक, शिकप एक, घोटाळो नुको.

सुभेदारांनी पयला बाजूक ठेवल्यानी, म्हणाले ह्या नाजूक, खाणीच्या तांबड्या धुळीत अडाकतला. दुसरा लष्करी, जुना, जड, तेचो चाप एवढो घट्ट की सगळी ताकद लावन वढूक व्हयो. ता तेंच्या मनात भरला. माका म्हणाले, राखणदाराच्या हातात घट्ट चापच बरो रे, दिवसभर कमरेक लटाकता, चुकान सुटाक नुको, मनान ठरयला तरच सुटाक व्हया. तिसरा बघूक सगळ्यात देखणा, पण आधी कोणा शिकाऱ्याचा होता नि तेणी चापाक आतसून कानस मारून हलको करून घेतलेलो. बोट टेकला की खट्.

मगे चौघांक सांगल्यानी, रिकामा धरा नि दुसऱ्याचो चाप बारा वेळा वढा. तिघांनी वढल्यानी. माझी पाळी इली. पयला बोट वाकाना, मधल्या बोटान वढूक गेलंय तर नळी आभाळाक. डाव्या हातान बघलंय, नेम खंयच्या खंय. सुभेदार माझ्या हाताकडे बघीत रवले. तिसरा माझ्या हातात दिल्यानी. ता मधल्या बोटानय वढला.

मी कोठीच्या पाठीमागे जावन तेंचे पाय धरलंय. सुभेदारसायब, माका काढू नुको, सुलाच्या सुयो नुकत्योच सुरू झाल्यत, आता थांबल्यो तर ती मरतली. ते म्हणाले, विश्राम, हो एकट्या तुझो प्रश्न नाय, चौघांचो जीव आसा. मी पाय सोडूक नाय. कपाळ आपटलंय, खराच सांगतंय, देवाची शपथ घेवन सांगतंय. शेवटी म्हणाले, उठ.

दुसऱ्या दिसाक सायबाच्या टेबलासमोर मी ऐकलंय. सायब म्हणालो, मग सुभेदार, कोणतं? ते म्हणाले, तिसरं घ्या साहेब. नि तसला आमका इला, चार माणसांत दोन. दुसऱ्या नगाचो चाप बंदूकवाल्यान तसोच घासून दिल्यान. त्या दिसापासून सुभेदार रोज आमका घोकून घेयत, पाळी बदलताना पयल्या गोळ्यो काढा, बोट भायर ठेवा, नळी जमिनीकडे. रोज. माणूस भ्यालेलो, दुसरा काय नाय.

सात म्हयने झाले. सकाळची पाळी बदलूची होती. भिकू रातपाळी करून दमलेलो, गोळ्यो काढूक म्हणान पिस्तूल कमरेच्या चामड्यातसून वढूक गेलो, बोट आत गेला नि उडाला. मी हातभर अंतरार उभो. पोटात गोळी. तेणी माझ्याकडे असा बघल्यान, जसा काय मीच काय बोललंय.

ट्रकात घालून वेंगुर्ल्याक नेवक निघालो. वाटेर खाडी, पूल नाय, होडी पलीकडच्या काठार. भिकूचा डोक्या माझ्या मांडयेर. खाणीच्या कंपाउंडरान सांगल्यान, पोटात गोळी आसा, पाणी देवचा नाय. भिकू पाणी मागी. होडी येवच्याआधीच गेलो.

चौकशी झाली. मी दरवाजाक उभो. अधिकाऱ्यान इचारल्यान, ही निवड कोणाची? सुभेदार म्हणाले, माझी. चाप घासलेला आहे हे कळलं नव्हतं? कळलं होतं. मग का घेतलंत? चूक झाली. एवढाच. माझ्याकडे मान वळवन बघूकसुदा नाय. सुला डोळ्यासमोर इली, नि मी गप रवलंय. सुभेदारांक काढून टाकल्यानी.

नवी पिस्तुला इली, घट्ट चापाची. परत कोणी परीक्षा घेवक नाय. अकरा म्हयने मी कमरेक ता बांधून उभो रवलंय जा माका उडवकच येय नाय. कोण इलो असतो तर मी नुसतो बघीत रवलो असतंय.

सुलाक मी सांगलंय. सांगूचा नव्हता. ती म्हणाली, म्हणजे माझ्या सुयेपायी? त्या दिसापासून तिचा हसप गेला. सुयो घेय, माझ्यासाठी घेय, पण भिताडाकडे तोंड करून. मोहर गळाच्या वेळाक ती गेली. मगे मी थय कोणासाठी रवतलंय?

थयसून सरळ आजगावाक गेलंय. भिकूची बायल, बायो, खळ्यात सुपान भात आसडी होती. मी उभ्यानच सगळा सांगलंय, बोट दाखवलंय, पाय धरलेले सांगलंय. तिणी सूप खाली ठेवल्यान. इचारल्यान, तेंनी पाणी मागल्यानी? मी म्हटलंय, तीन वेळा. तुमी दिलास? नाय दिलंय. ती म्हणाली, देवचा होता. तशेय गेलेच ना.

नि मगे आत जावन तांब्यो भरून हाडल्यान, दारात इलेल्याक देतत तसो, नि माझ्यासमोर ठेवल्यान. मी प्यालंय. नाय कसो म्हणतलंय? प्यालंय, पण ता पाणी अजून गळ्याखाली गेलासा वाटणा नाय.

सुभेदारसुदा आता नाय. गेल्या वर्साक सावंतवाडीक वारले, मी उशिरा ऐकलंय, तेंका एक शब्द सांगूचो रवलो तो रवलोच. मी आता बहिणीकडे आसंय, उन्हात सुकत घातलेल्या म्हावऱ्याकडे बघीत बसतंय, कावळे हाकलतंय. देव तुमचा बरा करो, तुमी एवढा बसान ऐकलास. लिवतालास तर एकच करा. सुभेदारांची चूक म्हणान लिवू नुको. माझा नाव घाला, विश्राम, तोंडवळीचो, असा सगळा घाला.