मनकर्णाले कोनीच हाक मारेना

नाई, पन तुमीच सांगा, कापसाखाली कोनी मरते का हो? हासू नोका! तुमी आत्ताच आले ना या काठावर? मंग बसा वाळूवर, बंडी यायले येळ आहे. इथं येनारा जो तो मले पयलं हेच इच्यारते, 'पोरी, तू कशानं मेली?' अन् आपापलं मरन काय तोऱ्यात सांगतेत! एकाले मेळघाटात वाघानं खाल्लं, एक पूर्णेच्या पुरात गेला, एका बुढीले नाग डसला, तं ती असं सांगे का जसा नाग तिच्या माहेराहूनच आला होता! अन् मी? मी मनकर्णा, वलगावच्या नत्थुजीची पोरगी, सोळा वर्साची, धडधाकट... अन् मेली कशानं? कापसानं!

झालं काय, तुमाले सांगतो, समुद्रापार कोनत्या तरी मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस अडकला, अन् साह्यबाले एकदम आमच्या वऱ्हाडाची याद आली. मंग काय! बाबाचे पाय जमिनीवर ठरेनात. अमरावतीच्या बाजारातून रोज नवी खबर, अन् बाबाचं रोज एकच, 'आज इकत नाही, उद्या भाव अखीन चढीन!' म्हून कापूस घरात. बैठकीत कापूस, माजघरात कापूस, देवापुढं कापूस! आमी जेवो वसरीत अन् झोपो गोठ्यात, बैलाच्या शेजारी. मी म्हनलं, 'बाबा, घर आपलं आहे का कापसाचं?' तं बाबा म्हने, 'थोडं थांब ना मने, तुह्या लग्नात बंडीच्या चाकाले चांदीची धाव बसवतो!'

अन् एक दिवस भर दुपारी मले लोनच्याची आठोन झाली. बरनी कुठं? कापसाच्या मांगं, फळीवर. चढली मी ढिगावर, हात लांबवला, बरनी हाताले लागली बी... अन् वरून सारी गंजी आंगावर! मऊ मऊ, गरम गरम, पांढरं पांढरं. वरडायले तोंड उघडलं, तं तोंडात कापूस! कापसाखाली कोनी मरते का हो? अन् लोनचं बी खायले नाही भेटलं!

डोळे उघडले तं हा काठ. आता इथली रीत तुमाले कोनी सांगतली नसन. इथून पुढं लय मुलूख आहेत. एकात बारोमास आंब्याचा मोहर, एकात रोजच दिवाळी, एकात सारे नुसते झोपेल. तिकडून ह्या बिनबैलाच्या बंड्या येतेत. तुमच्या आधी मेलेलं तुमचं मानूस बंडीत उभं राहून तुमाले नावानं हाक मारते, तुमी चढता, अन् चालले. सोपं आहे! पन ज्याले हाक मारायले कोनी नाही, त्यानं काय करावं? माहा आजा, आजी, काका, मामा, सारे ठनठनीत जित्ते! असं खानदान काय कामाचं? मेली होती ती एक माही माय, सत्यभामा, मले जन्म देऊन लगेच. मी म्हनलं, माय तं येईनच! बंडी आली का मी धावत जाओ. 'गोदे!' 'सूर्यभान!' 'वच्छला वं!' लोक गळ्यात पडत, रडत, हासत, अन् बंडी चालली जाये. वाळूवर मी एकटी. अवो, माह्या नावाचा आवाज कसा असते तेच मी इसरून चालली होती. मंग मीच हळूच म्हनो, 'मनकर्णा...' अन् मीच म्हनो, 'ओ!' ... हासू नोका म्हनलं ना!

अन् मंग आमच्या गावचा चंद्रभान बुढा आला. मी इच्यारलं, 'बुढेबाबा, माहे बाबा कसे आहेत?' तो बुढा आधी खाकरला, मंग म्हने, 'पोरी, तुह्या बापानं सारा कापूस त्याच दिवशी आंगनात फेकला. पावसात भिजला, तरी उचलला नाही. आता रिकाम्या घरात फिरते अन् तुले हाका मारते, मने, ये मने...' म्हंजे पाहा! तिथं हाका, अन् मी इथं! तवा मी रडली. कापसाखाली कोनी मरते का, असं मी इथं साऱ्याईले हासत सांगो, पन त्या दिवशी नाही हासता आलं.

ते पाहून कुलसुमबी आली. ती पाहा, तिकडं दगडावर बसली ना, तीच. अमरावतीच्या रहमतुल्ला पिंजाऱ्याची बायको. तिची माय तिले न्यायले कितीदा आली, पन ही जाईना. म्हने, 'मेरा बुढ्ढा अभी पीछे हय. अकेला आया तो रस्ता भूलेगा.' मले म्हने, 'रोती कायकू? कोई बुलाता नय, तो तू जा ना ढूंडने!' मी म्हनलं, 'मायचं तोंडच मी पाह्यलं नाही, ओळखू कशी?' तं म्हने, 'पूछ! मूं में अभी बी कपास हय क्या?'

झालं! चढली मी बिनहाकेची, दिसन त्या बंडीत. दिवाळीच्या मुलखात गेली, तिथं एका जाड बाईले म्हनलं, 'तुमी सत्यभामा का?' ती म्हने, 'नाही, पन करंजी खा.' आंब्याच्या मुलखात गेली. झोपेलाईच्या मुलखात तं एकेकीले हालवून उठवलं, केवढ्या शिव्या खाल्ल्या! पोक्त, पिकल्या केसाची, मायेच्या डोळ्याची बाई दिसली का मी पायाच पडो. एकही माही नाही.

शेवटचा मुलूख लेकराईचा होता. तान्हे, रांगते, दुडदुडते, नुसता किलबिलाट. अन् मधात एक पोट्टी बसेल, माह्याहून बारकी, डोक्यावरचा पदर घसरेल, एकेक लेकरू उचलून तोंड पाहून राहिली. मले म्हने, 'कोन्या गावची वं?'

'वलगावची.'

'नत्थुजीले ओळखते?'

'माहे बाबाच ते.'

तिच्या हातातलं लेकरू सुटता सुटता राह्यलं. मंग म्हने, 'तू वाचली होती?'

मी मान हालवली. ती म्हने, 'तू लय अशक्त होती. मले वाटलं, माह्या मांगंच येशीन. म्हून इथं बसली. रोज नवीन लेकरं येत, मी पाहो. तू नसली का हासो, अन् तू नसली का रडो.' मी म्हनलं, 'मंग काठावर येऊन हाक काहून नाही मारली?' तं ती म्हने, 'काय म्हनून मारू? तुहं नाव ठेवायच्या आधीच मी मेली ना.'

आता सांगा, याच्यावर कोनी भांडावं तरी कसं? मी नाव सांगतलं. तिनं ते हळूच म्हनून पाह्यलं, 'मनकर्णा.' अन् मी... मी 'ओ' म्हनलं.

तवापासून आमी दोघी इथंच, कुलसुमबीजवळ, बाबाची वाट पाहात. ते पाहा, आली ती. हो, हीच माही माय! पंधरा वर्साची मेली, पंधराचीच राह्यली, माह्या खांद्याले लागते. काल माही येनी घालत होती, मी म्हनलं, 'केस ओढू नोको वं!' तं मले म्हनते कशी, 'गप बस! मोठ्या मानसाच्या तोंडाले लागू नाही!'

बसली बापा गप. काय करता!