झडप मोकळी करण्याबाबत

नाव : सगळे मला झडपवाली म्हणतात, तेच लिहावे. वय ५८. धंदा : समुद्राच्या बांधातली झडप भरतीला लावणे, ओहोटीला उघडणे. राहणार : बांधाखालची खोली.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, बांधामागची शेतजमीन माझी व धाकट्या भावाची सामाईक आहे. बांधाच्या एका वर्षाच्या डागडुजीला जे पैसे लागतात, तेवढे पीक त्या शेतात दहा वर्षांत येत नाही. म्हणून बांध सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयाने शेतात समुद्र घ्यायचे, पूर्वीसारखे गवताळ खाजण होऊ द्यायचे ठरवले. इंजिनीयर बाई म्हणाल्या, "गवतात शिरली की लाट दमते, मागचं गाव वाचतं. आणि गवताला ना पगार, ना पेन्शन." मला पटले. भावाला पटले नाही. आधी कोरड्या जमिनीची मोजणी व मोबदला, मग पाणी, असे त्याने कार्यालयाकडून लिहून घेतले.

सोमवारी मला कार्यालयाची चिठ्ठी आली : 'झडप गाळाने अडकते, मोकळी करावी.' म्हणजे गाळ काढावा. मी मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, उधाणाच्या भरतीला, झडप उघडी सोडली. गवताचे बी वर्षातून याच उधाणाबरोबर येते. मोजणी महिन्याने होती, आणि बांध आणखी एक वर्ष टिकणार नव्हता.

पाणी आवाज न करता आले. सरीसरीतून पसरले, आणि बघता बघता शेतात आभाळ उतरले. वडील जिथे नांगर धरायचे तिथून ढग चालले होते. बारके मासे माझ्या घोट्यांना लागून जात होते. किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. मला फार बरे वाटत होते, हेही लिहावे.

साडेबाराच्या सुमारास भाऊ चपला हातात घेऊन आला. म्हणाला, "ताई, बुडवलंस तू मला. आता ओल्या जमिनीला कोण मोबदला देणार?"

मी म्हणाले, "माझा हिस्सा घे."

"हिश्श्याचं काय घेऊन बसलीस? मला विचारायचं तरी होतंस."

आम्ही दोघे तसेच पाण्यात उभे राहिलो.

हवालदारसाहेबांनी समजावले की, चिठ्ठीचा अर्थ लावताना गफलत झाली असे लिहिले तर नोकरी वाचेल. त्यांचे भले होवो. पण मग भावाला न विचारणे हीसुद्धा गफलतच ठरेल. तसे नव्हते. तो नको म्हणेल हे मला ठाऊक होते.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'चुकून' पडले होते, ते माझ्यासमोर खोडले. आता मी सांगितले तसा आहे.