चार सेन्सर, आठ तारा

नर्सने शिंपीणबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बाकावर बसायला सांगितलं. शेजारी एक म्हातारं जोडपं हळू आवाजात बोलत होतं.

“अहो, इंजिनाचे चारही सेन्सर जोडले मी काल. पिवळी तार पिवळीला, लाल लालला.”

“नक्की? उलटं जोडलंस तर इंजिन तापत जाईल आणि काटा मात्र खाली उतरेल.”

“म्हणून एकेक सेन्सर उकळत्या पाण्यात धरून पाहिला. चारही काटे वर चढले.”

“अकरा वर्षं खपलो गं त्या शेडमध्ये. विमान बांधून उभं राहिलं आणि डोळ्यांनी दगा दिला.”

“असं काय बोलता?”

“डॉक्टर आज उडवायला नको म्हणणार. मग विकायचंच ना?”

“दर गुरुवारी मी बहिणीकडे जाते, असं वाटतं ना तुम्हाला?”

“जातेस ना?”

“धावपट्टीवर जाते. शिकतेय. मागच्या गुरुवारी तिथलं शिकाऊ विमान एकटीने उडवलं आणि एकटीनेच उतरवलं.”

शिंपीणबाईंना डोळे उघडायचा फार मोह झाला, पण त्यांनी ते आणखी घट्ट मिटले.

“वरून आपलं घर दिसतं?”

“दिसतं की. शेडचा पत्रा उन्हात लांबूनच चमकतो.”

“आणि नदी?”

“कुणीतरी ओढणी वाळत टाकावी तशी.”

“मी शेजारी बसून काय करू गं?”

“इंजिन ऐका. तुमच्याइतकं ते कुणाला कळतं? काट्यांकडे मी बघेन.”

“आजोबा, चला आत,” नर्सने हाक मारली.

“थांबा हो जरा,” आजोबा म्हणाले, “आत्ता कुठे वर पोचलोय.”