जे. संदीप

चेन्नईत मला एका अक्षराने वाचवलंय, खोटं नाही सांगत. आमच्या पेरुंगुडीच्या ऑफिसात माझ्या चुकीमुळे एका कस्टमरचं काम सकाळभर बंद पडलं. मी लगेच माफीचा मेल लिहिला आणि सवयीने शेवटी, नावाच्या आधी, हसरा चेहरा टाकला. मेल गेल्यावर लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

तेवढ्यात फोन. कस्टमर म्हणजे जॉर्ज टाउनचे एक कडक म्हातारे व्यापारी.

"मिस्टर जे. संदीप, इतक्या सरळपणे चूक कबूल करणारं कुणी भेटत नाही हो. जे म्हणजे वडिलांचं नाव ना?"

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्या चिन्हाचा फॉन्ट नसल्याने माझा हसरा चेहरा इंग्रजी 'जे' होऊन उमटला होता. आणि इकडे नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतातच!

"हो सर. जगन्नाथ," मी ठोकून दिलं.

"त्यांना नमस्कार सांगा. मुलाला चांगलं वळण लावलंय."

त्या कॉम्प्युटरला मनातल्या मनात हात जोडले आणि नाशिकला बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. बाबांचं नाव वसंत. ते म्हणाले, "जगन्नाथ तर जगन्नाथ. पण माफी मागताना पुन्हा दात काढू नकोस."