तिसऱ्या मजल्याचा इसार

ड्रायव्हर : नाही काकू, चहा नको. दर वेळी चहा पितो आणि तसाच परत जातो. आज इसाराचं काय ते सांगा.

काकू : काय सांगणार? कागदावर लिहिलंय, घेणारा मागे फिरला तर इसार परत मिळणार नाही. खाली तुमचीच सही आहे.

ड्रायव्हर : मी कुठं फिरलो मागे? बँकेनं कर्ज नाकारलं.

काकू : भाऊ जामीन राहणार होता ना?

ड्रायव्हर : ऐन वेळी सही करायला आलाच नाही. फोन केला तर वहिनी म्हणते, ते झोपलेत. सकाळी अकरा वाजता.

काकू : त्यात माझा काय दोष? चार महिने घर अडकवून ठेवलं. घर बघायला आलेल्या दोघांना दारातूनच परत पाठवलं.

ड्रायव्हर : मान्य. त्याचे थोडे कापून घ्या. पण सगळेच? अकरा वर्षं शाळेची बस चालवून साठवलेत हो. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती इथून पडद्यांची मापं घेऊन गेलीये.

काकू : माहितीये. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

ड्रायव्हर : मग?

काकू : पैसे नाहीत माझ्याकडे.

ड्रायव्हर : असं कसं नाहीत?

काकू : तुम्ही दिलेत त्याच आठवड्यात मी पुढे दिले. मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या होत्या, त्यांचा इसार. तुमचा व्यवहार मोडला, मला बाकीचे भरता आले नाहीत. आता तो मालक म्हणतो, कागद वाचा.

ड्रायव्हर : म्हणजे माझे पैसे त्याच्याकडे.

काकू : हो.

ड्रायव्हर : हे आधी नाही का सांगायचं? तीन खेपा झाल्या माझ्या.

काकू : लाज वाटली. कागद दाखवत बसले, कारण दाखवायला दुसरं काही नव्हतंच.

ड्रायव्हर : पण एवढं हवेशीर घर सोडून तळमजला कशाला?

काकू : यांच्यासाठी. झटका आल्यापासून जिना उतरता येत नाही. सव्वा वर्ष झालं, खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत.

(आतून खोकल्याचा आवाज.)

ड्रायव्हर : तो मालक कधी भेटतो?

काकू : या वेळेला दुकानात असतो. दोनदा जाऊन आले. बसासुद्धा म्हणाला नाही.

ड्रायव्हर : चला, दोघं जाऊ. मला तीनपर्यंत फेरी नाही. भांडायचं नाही, नुसतं बसून राहायचं. किती वेळ कागद वाचायला लावेल?

काकू : आणि अर्धेच दिले तर?

ड्रायव्हर : अर्धे तर अर्धे. उरलेलं तुमच्या पेन्शनमधून, जमेल तसं. थोडं मीही सोडीन. घरी काय सांगायचं ते बघतो.

काकू : थांबा, यांना गॅलरीत बसवते. चाकाची खुर्ची उंबऱ्यावर अडते, एकटीला उचलायला जड जाते.

ड्रायव्हर : मी धरतो की.

काकू : हळू धरा. त्यांना वाटेल, खाली न्यायला आलात.